अर्धवट फिरवलेली घोडी: आहे तशी विकायची की शिकवून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. घोडी साडेचार वर्षांची, मारवाडी वळणाची, उंची ६० इंचांच्या आसपास, नोंदणीचे कागद नाहीत. सारंगखेड्याच्या यात्रेतून शिंगरू असताना आणलेली. खोगीर आणि स्वार घेते, पावलावर आणि दुडकीला बरी चालते. पण डाव्या हाताला (म्हणजे डावीकडच्या गोलात) कॅन्टर, म्हणजे दुडकीच्या वरची संथ धावेची चाल, मागितला की उसळ्या मारते, लगाम ओढला की तोंड वर फेकते आणि एकटीला वस्तीबाहेर काढलं की अडते. नोकरी बदलल्यामुळे तुम्हाला आठवड्यातून एकदाच बसता येतं. विकायची हे ठरलंय. विचारताय ते असं की चाबूकस्वाराकडे (घोडे शिकवणाऱ्याकडे) तीन महिने ठेवून मग विकावी की आहे तशी, किंमत काय सांगावी, यात्रेत न्यावी का आणि खोगीर सोबत द्यावं का.

‘शिकवून की न शिकवता’ हा त्यातला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की उद्या या घोडीवर बसणार कोण. अर्धवट शिकलेलं जनावर पक्की मांड असलेल्या माणसाकडे गेलं तर त्याला चार महिन्यांचं काम मिळतं, एवढंच. तेच जनावर एखाद्या हौशी बापाने बारा वर्षांच्या मुलीसाठी नेलं तर महिन्याभरात कोणीतरी पडतं, घोडी दावणीला उभी राहते, पुढच्या यात्रेत निम्म्या किमतीला जाते आणि तिथून पुढे तिचं काय होतं ते बघायला आपण नसतो. गिऱ्हाईक कोणतं हे ठरलं की किती शिकवायचं, कुठे विकायची आणि किती सांगायचे, या तिन्हींची उत्तरं बरीचशी आपोआप येतात.

माझ्या उत्तरातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. जवळपास शांत हाताचा चाबूकस्वार मिळतो का, घोडी अंगाने पैदाशीच्या लायकीची आहे का, आणि मुख्य म्हणजे ती कशामुळे उसळते. शेवटची गोष्ट कळल्याशिवाय शिकवण्यावर एक रुपयाही घालवू नका.

आधी दुखणं शोधा

एकाच हाताला, एकाच चालीला उसळणारी घोडी ‘खोडकर’ असण्यापेक्षा दुखरी किंवा कमजोर असण्याची शक्यता जास्त. डाव्या हाताच्या कॅन्टरमध्ये पहिलं पाऊल उजव्या मागच्या पायाचं पडतं. स्वारासकट सगळं ओझं त्या क्षणी एकट्या त्या पायावर आणि कमरेवर येतं. तो पाय किंवा कंबर दुखत असेल, नाहीतर नुसती ताकद कमी असेल, तर घोडीकडे दोनच मार्ग उरतात: चुकीच्या पायावर निघणं किंवा ढुंगण उचलून ओझं झटकणं. उसळी मारली की स्वार सावरायला थांबतो. मग उसळलं की काम थांबतं, हे घोडी शिकते. मूळ दुखणं नंतर बरं झालं तरी ही शिकवण शिल्लक राहते. त्यामुळे दोन्हीकडे बघावं लागतं, पण क्रम दुखण्यापासूनच लावायचा.

तोंडापासून सुरू करा. साडेचार वर्षं हे दातांच्या दृष्टीने गैरसोयीचं वय. पुढच्या कायमच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. म्हणजे तुमच्या घोडीची कडेची जोडी आत्ताच फुटत असणार. दाढांच्या दुधाच्या टोप्याही (नव्या दाढेवर राहिलेले दुधाच्या दाढेचे तुकडे) चार वर्षांपर्यंत पडत असतात, एखादी अर्धवट लटकून राहते. शिवाय पहिल्या दाढेच्या अगदी पुढे कधी कधी एक छोटा, बिनकामाचा दात असतो. पशुवैद्य त्याला ‘वुल्फ टूथ’ म्हणतात. कडियाळ (लगामाची तोंडातली कांब) त्यावर आपटलं की घोडं तोंड वर फेकणारच. लगाम ओढल्यावर डोकं फेकणाऱ्या घोडीच्या तोंडात हात घालून बघितल्याशिवाय तिला ‘तोंडाची कडक’ ठरवू नये. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर घासून घ्याव्या लागतात. हे काम घोड्यांची सवय असलेल्या पशुवैद्याकडूनच करून घ्या.

कडियाळ काटेरी असेल तर आजच काढून टाका. यात्रेतून घेतलेल्या सामानात ते हमखास येतं. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार काटेरी कडियाळ वापरायला मनाई आहे. व्यवहाराच्या बाजूनेही ते नुकसानीचंच, कारण जाणता गिऱ्हाईक ओठांचे कोपरे आणि जीभ बघतो, आणि तिथले व्रण पाहिले की किंमत पाडतो. साधं जोडाचं स्नॅफल (मध्ये सांधा असलेलं सौम्य कडियाळ) घाला. ते तोंडाच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर बाहेर यावं. त्याहून अरुंद असेल तर गाल चिमटतो, रुंद असेल तर तोंडात सरकत राहतं.

मग खोगीर. स्वार बसलेला असताना खांद्यावरच्या उंचवट्यावर आणि खोगिराच्या कमानीखाली दोन-तीन बोटांची मोकळी जागा उरली पाहिजे. अर्धा तास काम करून खोगीर उतरवा आणि घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब बसतोय, किंवा खोगीर तिथे टेकतच नाहीये. दोन्ही वाईट. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटांनी मध्यम दाब देत मागे जा. घोडी पाठ खाली दाबते, कान मागे पाडते किंवा शेपटी झटकते का ते पाहा. तंगाखाली (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली) सोललेलं नाही ना, हेही बघा.

पायांसाठी कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत हातात धरून दुडकीला पळवा, एकदा समोरून येताना आणि एकदा मागून जाताना. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूच्या ढुंगणाचा वर-खाली होण्याचा हेलकावा दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा दिसतो. नालबंदी होऊन सहा आठवड्यांच्या वर गेले असतील तर आधी नालबंद बोलवा. वाढलेल्या खुरावर केलेली तपासणी फुकट जाते.

घोडी आहे, म्हणून आणखी दोन गोष्टी. एक, माजाची तारीख लिहून ठेवा. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं आणि त्यातले पाच-सात दिवस ती प्रत्यक्ष माजावर असते. उसळण्याच्या तारखा त्याच दिवसांत पडत असतील तर हा वेगळा विषय आहे, पशुवैद्याशी त्यावर वेगळं बोला. दोन, आसपास कुठे वळू घोडा मोकळा असेल तर ती गाभण नाही ना हे तपासून घ्या. अकरा महिन्यांच्या गाभणकाळात सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही, आणि विकल्यानंतर निघालेलं शिंगरू हे भांडणाचं हमखास कारण.

वजनाचा हिशोबही करा, कारण तो फारसं कोणी करत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८७७ ने भागा. किलोत अंदाजे वजन मिळतं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर सुमारे ३४४ किलो. स्वार आणि खोगीर मिळून याच्या पाचव्या हिस्स्याच्या, म्हणजे साधारण ७० किलोंच्या आत असावेत. खोगीरच सात-आठ किलोंचं असतं. ८० किलोंचा चाबूकस्वार साडेचार वर्षांच्या घोडीला डाव्या हाताला कॅन्टर शिकवत असेल तर ती उसळणार नाही तर काय करेल?

आणि चारा. आठवड्यातून एकदा काम आणि रोज दोन वेळा तोबरा भरून हरभरा, हे गणित जुळत नाही. काम नसलेल्या घोडीला भरपूर कडबा-गवत आणि अगदी थोडा खुराक पुरतो. खुराक एकदम बंद करू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवा. एवढ्यानेच निम्मी ‘मस्ती’ उतरलेली दिसते, आणि चाबूकस्वाराची फीही वाचते.

शिकवणं परवडतं कधी

दुखणं नाही, किंवा होतं ते निस्तरलं, असं धरून पुढे जाऊ. शिकवण्याने किंमत हळूहळू, महिन्यागणिक वाढत जात नाही. ती पायऱ्यांनी वाढते. पहिली पायरी: फक्त पक्क्या मांडीचा माणूस बसू शकतो. दुसरी: साधारण अनुभव असलेला प्रौढ हौशी माणूस एकटा बाहेर नेऊ शकतो, पावलावर आणि दुडकीला. तिसरी: तिन्ही चाली दोन्ही हातांना, स्वारी शाळेत चालेल अशी. चौथी: मुलांना देता येईल अशी. तुमच्या खर्चाने घोडी पुढच्या पायरीवर पोचली तर गिऱ्हाईकांचा गटच बदलतो आणि पैसे वसूल होतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकली तर खर्च तुमचा, फायदा पुढच्याचा.

आकडे मी उदाहरणादाखल घेतोय, तुमच्या गावचे घालून बघा. शिकवणी, चारा, नालबंदी आणि मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) धरून महिन्याला २५,००० होतात असं समजा. तीन महिन्यांचे ७५,०००. तिसऱ्या पायरीवर पोचली तर एक लाख जास्त येतील, पण तीन महिन्यांत पोचण्याची शक्यता निम्मीच. म्हणजे अपेक्षित वाढ ५०,००० आणि खर्च ७५,०००. शिवाय त्या तीन महिन्यांत पाय मुरगळला, पोटशूळ झाला तर तेही तुमच्याच अंगावर. आता दुसऱ्या पायरीचं बघा. सहा आठवडे, साधारण ३८,०००. पोचण्याची शक्यता बरीच जास्त, कारण पाऊल आणि दुडकी तिला येतेच. फक्त एकटं बाहेर जाणं आणि बसताना स्थिर उभं राहणं पक्कं करायचंय. इथे ५०-६० हजारांची वाढ मिळाली तरी हिशोब बसतो.

म्हणून माझा सल्ला असा: डाव्या हाताच्या कॅन्टरच्या मागे लागू नका. लोक नेमकं तेच करतात, कारण दोष तोच डोळ्यांत भरतो. सहा आठवडे दुसऱ्या पायरीवर घालवा आणि कॅन्टर अपुरा आहे असं स्पष्ट सांगून विका. घाईत ‘काढलेली’ उसळी अनोळखी स्वार बसला की परत येते, आणि तीही नेमकी गिऱ्हाईक बसलेला असताना.

सहा आठवड्यांचं काम साधारण असं लागतं. आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक वेळी ३०-४० मिनिटं, एक दिवस हातात धरून फिरवणं, एक दिवस पूर्ण सुट्टी. पहिले दोन आठवडे बहुतेक काम जमिनीवरून. लंजिंग (लांब दोरीवर गोलात फिरवणं) १८-२० मीटर व्यासाच्या गोलात, दोन्ही हातांना मिळून १५-२० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि कॅन्टर अजिबात नाही. छोट्या गोलात कॅन्टर करवला की तोल न सांभाळणारी घोडी पुढे एका पायावर आणि मागे दुसऱ्या पायावर धावायला लागते, ही सवय मोडायला महिने जातात. पाऊल, थांब, पाऊल, दुडकी, पाऊल असे बदल शब्दावर आणि लगेच व्हायला हवेत. रिकिबीत पाय टाकताना उभं राहणंही याच काळात शिकवायचं. पाय टाका, वजन द्या, उतरा. ती हलली तर जागेवर परत आणा, पुन्हा टाका. स्वार पूर्ण बसल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत पाऊल टाकू द्यायचं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वारी. मोठे गोल, दुडकी, गोलाच्या दिशेत बदल. तोंड वर फेकलं तर हात खाली ओढायचे नाहीत, पाय लावून तिला पुढे काढायचं. लगामाला लोंबकळणारा स्वारच डोकं फेकणारं घोडं तयार करतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात बाहेर. आधी शांत, मुरलेल्या घोड्याच्या मागे, मग बरोबरीने, मग थोडा वेळ पुढे, मग सोबतचा घोडा शंभर पावलं मागे ठेवून. अडली तर मारू नका आणि घराकडेही वळवू नका. तिथेच तोंड पुढच्या दिशेला ठेवून उभी करा आणि एक पाऊल पुढे पडलं की लगाम सैल सोडा. अडण्याच्या जागेवरून घरी वळवलं की ती जागा तिला कायमची पाठ होते. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि डीजे बघून बुजते का, हे याच दिवसांत कळेल. लिहून ठेवा, जाहिरातीत लागेल.

चाबूकस्वार निवडताना एकच कसोटी पुरते. त्याने तयार केलेल्या घोड्यावर त्याच्याशिवाय दुसरा माणूस बसवून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर पुढचं घर बघा. आणि तुमच्या घोडीवर पहिल्याच दिवशी कॅन्टर करून दाखवतो म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

कुठे विकायची

यात्रेचं आधी, कारण तो तुमचा नेमका प्रश्न आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा, त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात माळेगावचा खंडोबा, आणि दिवाळीच्या आसपास अकलूजचा घोडेबाजार. या तिन्ही ठिकाणी मालाची पारख वेगळ्या मापाने होते. उंची, रंग, कानांची कमान, चेहरा, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे की नाही, रेवाल चाल (स्वाराला हादरे न देणारी मारवाडी चाल) निघते का. खोगिराखालच्या शिकवणीला तिथे फार मोल नाही. तुमची घोडी दिसायला उजवी असेल तर याचा फायदाच आहे, कारण अपुऱ्या शिकवणीसाठी फारसं कोणी पैसे कापणार नाही. दिसायला साधी असेल तर मात्र तुमचे सहा आठवडे तिथे मातीत जातील. दुसरी अडचण म्हणजे गर्दीत, अनोळखी जागी, दलालाचा पोरगा काटेरी कडियाळ घालून तिला भरधाव पळवून दाखवणार. उसळणाऱ्या घोडीचं तिथे एका दुपारीत महिन्याभराचं काम वाया जातं. आणि घेणारा कोण हे तुम्हाला नीट कळतच नाही.

न विकता परत आणावी लागली तर दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून लांब बांधा. यात्रेतून नाकाचे आणि घशाचे संसर्ग घरी येतात.

घोडी अंगाने चांगली असेल तर पैदाशीसाठी घेणारा हा चांगला पर्याय आहे. तपासणीत कमरेचं किंवा मागच्या पायाचं दुखणं कायमचं निघालं, तर मी त्याच दाराशी जाईन. त्याला कॅन्टरशी देणंघेणं नसतं. फक्त तेव्हा दुखणं वंशातून येणारं नाही ना हे पशुवैद्याला स्पष्ट विचारा आणि घेणाऱ्याला सांगा. कागद नसताना ‘शुद्ध मारवाडी’ म्हणू नका. ‘मारवाडी वळणाची, नोंदणी नाही’ असंच म्हणा.

वरातीवाले आणि थंड हवेच्या ठिकाणी पर्यटक फिरवणारे हे दोन गिऱ्हाईक मी या घोडीसाठी बाद करतो. दोन्हीकडे रोज नवखा माणूस पाठीवर आणि भोवती गोंगाट. एकटी बाहेर जायला अडणारी, कमरेने हळवी घोडी तिथे कोणाला तरी पाडणारच.

उरतो तो खरा गिऱ्हाईक: स्वतः बसणारा, दोन-चार घोडे हाताखालून गेलेला, तरुण घोडी स्वस्तात घेऊन पुढे घडवणारा माणूस, किंवा ज्यांच्याकडे शिकवणारा आहे असा स्वारी क्लब. असे लोक कमी आहेत, म्हणून वेळ लागतो. पण पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत जमीन आणि हवा दोन्ही जुळतात, तेव्हा बघायला येणारेही जास्त असतात.

जाहिरात, व्हिडिओ आणि किंमत

जाहिरातीत विशेषणं नकोत. साधारण असं लिहा: ‘घोडी, साडेचार वर्षं (दातांवरून), कुमैत, उंची ६० इंच (नालाशिवाय), मारवाडी वळण, नोंदणी नाही. पाऊल आणि दुडकी दोन्ही हातांना. सोबतीने बाहेर नेहमी, एकटी दोन किलोमीटरपर्यंत जाते. उजव्या हाताला कॅन्टर घेते, डाव्या हाताला उसळते, त्यावर काम बाकी आहे. चारही पाय देते, नालबंदीला शांत, गाडीत चढते. नवशिक्याला किंवा मुलांना देणार नाही. वेळ नसल्याने विकणे.’ यात उंची सपाट फरशीवर मोजून नालाची जाडी वजा करून लिहा. यात्रेच्या सवयीने दोन इंच वाढवले तर पहिल्या भेटीतच तुमच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वास जातो.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा, न कापलेला, गाण्याशिवाय, फोन आडवा धरून. दावणीवरून सोडणं, चारही पाय उचलणं, खोगीर घालणं, चढताना उभं राहणं, दोन्ही हातांना पाऊल आणि दुडकी, उजवा कॅन्टर. डावीकडची उसळीही दाखवा. ती बघून जे येत नाहीत ते तुमचे गिऱ्हाईक नव्हतेच, आणि जे येतात ते घासाघीस करताना त्या उसळीचे पैसे दुसऱ्यांदा कापू शकत नाहीत.

किमतीसाठी यात्रेतल्या लाखो-कोटींच्या बातम्या विसरा, ते प्रदर्शनाचे घोडे. तुमच्या भागात त्याच उंचीची, त्याच वळणाची, तिन्ही चाली पक्क्या असलेली दोन-तीन जनावरं प्रत्यक्ष कितीला गेली ते काढा. मागितलेली किंमत धरू नका, हातात पडलेली धरा. त्यातून तुमच्या घोडीला तिथवर न्यायला लागणारे महिने गुणिले महिन्याचा खर्च वजा करा, आणि ती तिथवर पोचणारच नाही या धोक्यापोटी आणखी काही. हा आकडा तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी येईल. पण घेणारा मनात हाच हिशोब करून येतो, त्यामुळे तुम्ही आधीच केलेला बरा.

बघायला आल्यावर

फोनवरच विचारा: बसणार कोण, वजन किती, शेवटचं तरुण घोडं कधी आणि किती दिवस फिरवलं, घोडी राहणार कुठे, सोबत दुसरा घोडा आहे का. ‘मुलीला हौस आहे’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या घोड्याचा रस्ता दाखवा, गोड शब्दांत.

ते यायच्या आधी तासभर लंजिंग करून घोडी दमवू नका. जाणता माणूस तंगाच्या जागी आणि कानांमागे हात लावून बघतो. तिला दावणीवरच असू द्या, त्यांच्यासमोर खरारा करा, खोगीर घाला. आधी तुमचा माणूस बसेल, मग त्यांचा. हेल्मेट नसेल तर नाही. पहिल्या भेटीत कॅन्टर फक्त उजवीकडे, डावीकडे हवाच असेल तर त्यांच्या जबाबदारीवर आणि त्यांच्या चाबूकस्वाराने. दुसऱ्यांदा येऊ दे. पहिल्याच भेटीत विसार देणाऱ्यापेक्षा दुसऱ्यांदा येणारा माणूस मला जास्त आवडतो.

काही जण आठवडाभर चाचणीला मागतात. द्यायला हरकत नाही, पण लेखी. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २४ नुसार पसंतीवर दिलेला माल घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा ठरलेली मुदत उलटूनही न कळवता ठेवून घेतला, की त्याचा होतो. तोवर मालकी तुमची आणि वेगळं ठरलं नसेल तर सहसा धोकाही तुमचा. म्हणून मुदतीची तारीख, त्या काळात दुखापत किंवा पोटशूळ झाल्यास खर्च कोणाचा, बसणार कोण आणि अनामत किती, हे चार मुद्दे कागदावर हवेत.

दोष सांगण्याबद्दल कायदा काय म्हणतो हेही ऐका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ खालची बहुतेक उदाहरणं चक्क घोड्याचीच आहेत. विकणाऱ्याला घोडा सदोष आहे हे माहीत आहे आणि लिलावात तो गप्प राहिला, तर नुसतं गप्प राहणं फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन’, आणि विकणारा तरीही गप्प बसला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. प्रत्यक्ष सौद्यात घेणारा हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात उच्चारतोच. म्हणून विक्रीच्या कागदात वर्णनाबरोबर माहीत असलेले दोष ओळीने लिहा: डाव्या हाताला कॅन्टरमध्ये उसळते, एकटी बाहेर जाताना कधी अडते, पशुवैद्याने अमुक तारखेला काय बघितलं. खाली दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून, पूर्ण, गाडीत चढवण्याआधी.

आरोग्याचे कागद आधीच हातात ठेवा. ग्लँडर्सची (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची) रक्ततपासणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्या. अहवालाला वेळ लागतो, तेव्हा गिऱ्हाईक ठरल्यावर धावपळ करू नका. रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह जनावराला कायद्याने दयामरण द्यावं लागतं, त्यामुळे जाणता घेणारा हा कागद मागणारच. धनुर्वाताच्या लशीची नोंद आणि वाहतुकीसाठी प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखलाही लागेल.

खोगीर सोबत द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. तपासणीत ते तिच्या पाठीला नीट बसलं असेल तर द्या आणि किमतीत धरा. बसत नसेल तर देऊ नका, नाहीतर नव्या घरी पहिल्या आठवड्यात पाठ सोलेल आणि फोन तुम्हाला येईल. स्नॅफल मात्र द्याच, त्याच्याशी तिचं तोंड जुळलेलं आहे. बरोबर चार-पाच दिवस पुरेल एवढा तुमचाच चारा-खुराक द्या, म्हणजे नवीन खाण्यात हळूहळू मिसळता येईल. आणि एका कागदावर तिचं वेळापत्रक: किती वाजता काय खाते, शेवटची नालबंदी आणि जंतनाशक कधी, माजाच्या तारखा, चढताना कोणत्या शब्दावर उभी राहते, ‘थांब’ साठी कोणता शब्द वापरता.